दिंडी आपली, वाट सर्वांची

दारूच्या इतिहासात दोघांची दखल नेहमी घेतली जाते. एक पिणारा, आणि दुसरे त्याला अडवणारे सरकार. मुंबई शहरात १९३९ च्या ऑगस्टात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. मागोमाग परवाने आले, हातभट्ट्या आल्या, आणि पुढे कायद्याची गाठ हळूहळू सैल होत गेली. ही हकीगत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु या सगळ्या हकीगतीत पिणाऱ्याची बायको, त्याची आई, त्याचे शाळकरी मूल कोठे आहे असे विचारले, तर कागदपत्रे गप्प बसतात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभी राहणारी स्त्री आपण लालबाग-परळात ऐकून-पाहून ओळखतो. पण तिने स्वतःसाठी काय उभे केले, याची नोंद आपण घेतलेली नाही.

तिने काही उभे केले, हे खरे आहे. व्यसनी माणसाच्या कुटुंबियांचे गट आज जगभर चालतात, आपल्या महाराष्ट्रातही चालतात. या गटांपुढे आरंभापासून एक प्रश्न आहे आणि तोच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रत्येक गटाने आपल्या मर्जीने वागावयाचे, की सर्वांनी मिळून ठरविलेल्या तत्त्वांस बांधून घ्यावयाचे? प्रश्न वरवर घटनाशास्त्राचा दिसतो. प्रत्यक्षात त्यावर घरे तगली आहेत आणि मोडली आहेत.

थोडे मागे जाऊ. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली व वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली. ती वणव्यासारखी पसरली. लाखो माणसे शपथा घेऊ लागली. पण या चळवळीला स्वतःची अशी समान शिस्त नव्हती. कोणी तिला राजकारणात ओढले, कोणी धर्मोपदेशात, कोणी दारूबंदीच्या प्रचारात. जो वक्ता येईल त्याच्या मागे सभा वळे. थोड्याच वर्षांत ती ओसरली. स्वातंत्र्य होते, पण धरून ठेवणारा धागा नव्हता.

१९३५ साली ओहायोमधील ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना जन्मली, तिला पुढे हाच धडा नव्याने शिकावा लागला. या संघटनेच्या जुन्या ग्रंथात एका गावाची मोठी मौजेची गोष्ट सांगितली आहे. तेथील उत्साही गटाने इमारत, दवाखाना, क्लब आणि कर्ज देण्याची पेढी असा भव्य बेत आखला, त्यासाठी एकसष्ट नियम लिहिले आणि मान्यतेसाठी मुख्य कार्यालयाकडे धाडले. कार्यालयाने अशा बेतांचा अनुभव चांगला नाही एवढे कळविले, पण अडविले नाही. बेत कोसळला. तेव्हा त्या पुढाऱ्याने सर्वत्र एक कार्ड पाठविले. त्यावर बासष्टावा नियम होता, आणि त्याचा आशय असा, की बाबांनो, स्वतःला इतके गंभीरपणे घेऊ नका.

या गोष्टीतील खरी शहाणपणाची बाजू मुख्य कार्यालयाची आहे. त्याने अनुभव सांगितला आणि हात मागे घेतला. असे अनुभव गोळा होत होत १९४६ साली बारा ‘परंपरा’ लिहून प्रसिद्ध झाल्या आणि १९५० साली क्लीव्हलँड येथील अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. त्यांतील चौथी परंपरा आपल्या विषयाचे मर्म आहे. प्रत्येक गट स्वायत्त आहे. मात्र ज्या गोष्टीची झळ दुसऱ्या गटांना किंवा सबंध संघटनेला पोहोचते, तेथे ही स्वायत्तता थांबते. सभा केव्हा, कोठे, कोणत्या भाषेत, किती वेळ, हे गटाने ठरवावे. पण देणगीदाराचे नाव दारावर लावणे, निवडणुकीत कोणाची बाजू घेणे, सभासदाचे नाव वर्तमानपत्रात देणे, या गोष्टींचे पाप एकट्या गटाच्या माथी राहत नाही, ते सर्वांना लागते.

आता कुटुंबियांकडे येऊ. नवरे सभेला बसत, तेव्हा त्यांच्या बायका शेजारच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात चहाकॉफी करीत थांबत. बिल विल्सनची पत्नी लोइस हिची कथा प्रसिद्ध आहे. नवरा पिण्याचे सोडून सभांना धावू लागला. एके दिवशी त्याने घाई करताच या शांत स्त्रीने रागाने बूट फेकला. तो बूट आपण का फेकला याचा तिने पुढे विचार केला. इतकी वर्षे ज्याला सावरण्यात आपले आयुष्य गेले, तो सावरला तरी आपण सावरलो नाही, हे तिच्या ध्यानी आले. आजार एकाला असतो, पण घर सगळे आजारी पडते.

१९५१ साली लोइस आणि तिची एक मैत्रीण यांनी, कुटुंबियांचे गट चालविणाऱ्या किंवा चालवू इच्छिणाऱ्या ८७ जणांचे पत्ते मिळवून त्यांना पत्रे धाडली. त्यांतून ‘अल-अनॉन’ उभी राहिली. पिणाऱ्यांच्या बारा पायऱ्या त्यांनी जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. बाराव्या पायरीत ‘मद्यपींना’ या शब्दाच्या जागी ‘इतरांना’ हा शब्द घातला, एवढाच फरक. १९५७ साली याच झाडाला मुलांच्या गटांची फांदी फुटली आणि १९६१ पासून ठिकठिकाणचे प्रतिनिधी वार्षिक परिषदेत बसू लागले. परिषद चर्चा करते, मार्ग सुचविते. परंतु कोणत्याही गटाला हुकूम सोडण्याचा अधिकार तिने स्वतःकडे ठेवलेला नाही. पैसा सभासदांच्या डब्यातून येतो, बाहेरची देणगी घ्यावयाची नाही. ज्याच्याकडे तिजोरी नाही त्याला हुकमत गाजविता येत नाही, हे त्यामागचे साधे गणित.

ही व्यवस्था परदेशी म्हणून आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आषाढीची वारी पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, विणा-पखवाज आपला, शिधा आपला, पैशाचा व्यवहार आपला. पण रथापुढे कोणी चालावयाचे आणि रथामागे कोणी, हा क्रम सर्वांचा. एखाद्या दिंडीवर अन्याय झाला तर काय करावयाचे? संध्याकाळी मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातील दंड उंचावतो, सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो, आणि आरती सुरू होते. स्वायत्तता आणि समान तत्त्व यांचा मेळ कसा घालावा, याचे इतके सुंदर उदाहरण घटनेच्या ग्रंथांत सापडणे कठीण. त्यातले महत्त्वाचे कलम असे, की तक्रार करणाऱ्याला वारीबाहेर जावे लागत नाही.

हिंदुस्थानात अनामिक मद्यपींचे गट १९५७ साली आले आणि त्याच सुमारास मुंबईतही सुरू झाले. पुढे १९८१ साली वांद्र्यास फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन स्थापन केले. त्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याच्या घरांत प्रवेश केला. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या धडपडीतून मुक्तांगण उभे राहिले. तेथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. मुक्तांगण ही संस्था आहे. तिला इमारत लागते, डॉक्टर-समुपदेशक लागतात, देणग्या लागतात. अल-अनॉनच्या घडणीहून ही घडण निराळी. अल-अनॉनमध्ये गट आधी आणि कार्यालय नंतर. येथे संस्था आधी आणि गट तिच्या सावलीत. दोन्हींचे लाभ आहेत. संस्थेजवळ औषध आहे, जाणकार माणूस आहे. अनामिक गटाजवळ कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसण्याचे बळ आहे. मात्र दोन्ही ठिकाणी बाई पहिल्यांदा ऐकते ते एकच वाक्य असते: तुझ्या नवऱ्याच्या पिण्याला तू कारण नाहीस.

आता हा सर्व विचार आपल्याच शहराच्या टोकाला नेऊन तपासू. कफ परेडच्या मच्छीमार नगराचे नाव पुष्कळांना २००८ च्या नोव्हेंबरातल्या त्या रात्रीमुळेच ठाऊक झाले, हे दुर्दैव आहे. उंच इमारतींच्या पायथ्याशी होड्या, जाळी आणि दाटीने उभी राहिलेली घरे असलेली ही वस्ती. समजा, येथील चार बायांनी असा गट काढावयाचे ठरविले. तर काय ठरविणे त्यांच्या हाती असावे?

वेळ त्यांच्या हाती असावी, हे उघड आहे. सकाळी बाजार गाठणारी मासेविक्रेती दुपारच्या सभेला येणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढलेल्या, पुरुष घरी, हाती पैसा नाही, अशा दोन महिन्यांत गटाला आठवड्यातून दोनदाही बसावे लागेल, आणि नारळी पौर्णिमा उलटली की एकदा पुरेल. भाषा त्यांची असावी. उदाहरणे तर त्यांचीच असली पाहिजेत. दादरच्या कारकुनाची पत्नी नवऱ्याच्या पगाराची वाट पाहते. कोळीण टोपली विकून स्वतः पैसा आणते, आणि नवऱ्याची गुत्त्यावरची उधारी त्याच टोपलीतून फिटते. ‘त्याची चूक आपण झाकू नये’ हे तत्त्व दोघींना एकच, पण उद्या तांडेलाने त्याला होडीवर घेतले नाही तर चूल पेटत नाही, हे तिचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नाही. ते त्याच चार बायांनी बसून शोधावे लागेल.

आणि काय त्यांच्या हाती नसावे? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली, गुप्तता. जेथे भिंतीला भिंत लागून आहे आणि सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे नाव लपविणे हास्यास्पद वाटेल. ‘आमच्यात कसले अनामिक?’ असे कोणी म्हणेलही. पण अनामिकतेचा अर्थ तोंडओळख नसणे असा नाही. येथे ऐकलेले नळावर जाऊ नये, हा आहे. अशा वस्तीत तर हा नियम अधिक कडक हवा. एकीची गोष्ट फुटली की दहा जणी येण्याचे थांबवतात, आणि शेजारच्या वस्तीतला गटही बदनाम होतो.

दुसरी, देव आणि पैसा. सभेच्या आरंभी कोणी एकवीरेचे नाव घेईल, ते तिच्या भक्तीचे आहे. परंतु गटानेच एका देवतेची तसबीर लावली, तर वस्तीतली ख्रिस्ती वा बौद्ध शेजारीण दारातून परत जाईल, आणि तिचा नवराही तेच पितो. हेच पुढाऱ्याने दिलेल्या खुर्च्यांचे. खुर्ची फुकट येते, तिच्या पाठीवर नाव लिहिलेले येते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. ‘दुसऱ्याला बदलण्याचा हट्ट सोडावा, अलिप्त व्हावे’ हे या गटांचे मूळ तत्त्व. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या बाईला सोसण्याचेच धडे दिलेले असल्याने, हे तत्त्व मराठीत उतरताना ‘सोसून घे’ असे उतरण्याचा मोठा धोका आहे. एखाद्या गटातली वडीलधारी बाई चांगल्या हेतूने तसे सांगेल आणि नवी आलेली मुलगी मार खात राहील. येथे स्थानिक रीत मोठी नव्हे, तत्त्व मोठे, आणि ते नीट समजलेले तत्त्व. अलिप्तता म्हणजे त्याच्या पिण्याची जबाबदारी खाली ठेवणे; अंगावर येणाऱ्या हाताला थोपवणे तिच्यात बसते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २००६ पासून अंमलात आहे. त्याचा आधार घेणारी बाई गटाची शिस्त मोडत नाही.

म्हणजे सामायिक तत्त्वे कार्यालयाच्या सोयीसाठी असतात असा समज आपण सोडावा. ती बहुधा गटातल्या सर्वांत दुबळ्या, सर्वांत नव्या माणसासाठी असतात. जुने-जाणते तर आपले हित कसेही पाहून घेतात. आणि स्थानिक स्वातंत्र्यही पुढाऱ्यांच्या हौसेसाठी नसते. तत्त्व त्या वस्तीच्या चुलीपर्यंत पोहोचावे म्हणून असते. कोणताही निर्णय घेताना गटाने एवढेच विचारावे: याने उद्या पहिल्यांदा येणाऱ्या बाईसाठी दार उघडे राहते, की बंद होते?

आपल्या मंडळांनी, भजनी समाजांनी, महिला समित्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहण्यास हरकत नाही. पण निदान एक गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. शेजारच्या घरी रात्री आवाज चढतो तेव्हा आपण दार लावून घेतो. सकाळी त्या बाईला नळावर पाहून गप्प राहतो. असे गट आहेत, तेथे फी नाही, नाव विचारीत नाहीत, एवढे तिच्या कानावर घालणे हे चोपदाराचे काम आहे. टाळ कोणाचे वाजत आहेत, ते आपण ऐकले पाहिजे.