गळमासेमारीची साधने

काठी, रीळ, दोर व गळ (आकडा) यांच्या साहाय्याने एकेक मासा पकडण्याच्या पद्धतीस गळमासेमारी म्हणतात. जाळ्याने केल्या जाणाऱ्या मासेमारीचा मुख्य हेतू उत्पादन हा असतो. गळमासेमारीत मात्र उपजीविका, करमणूक व क्रीडा हे तिन्ही हेतू आढळतात. या साधनांची निवड माशाची जात व वजन, पाण्याचे स्वरूप आणि आमिषाचा प्रकार यांवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या साधनांच्या विकासाचा इतिहास, विशेषतः पुणे परिसर व दख्खनमधील महसीर माशाच्या संदर्भात, दिला आहे [⟶ मत्स्योद्योग].

प्राचीन व मध्ययुगीन काळ : गळ हे मानवाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक असून प्रारंभी ते हाड, शिंग व शिंपला यांपासून आणि पुढे तांबे, कासे व लोखंड यांपासून करीत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विविध विनोदांचे वर्णन असून त्यांत ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाचा अंतर्भाव आहे. माशांचे प्रकार व त्यांच्या सवयी, दोर, काठी, गळ आणि निरनिराळ्या माशांसाठी वापरावयाची आमिषे यांची माहिती त्यात पद्धतशीरपणे दिलेली आहे. इंग्लंडमध्ये या विषयावरील पहिली मुद्रित पुस्तिका १४९६ मध्ये व आयझाक वॉल्टन यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून माशागणिक साधन बदलले पाहिजे, हा विचार दख्खनमध्ये किती आधी मांडला गेला होता, हे लक्षात येते. सामान्य लोकांची साधने मात्र साधी होती. बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेला सुती अथवा तागाचा दोर, बोरूचा किंवा पिसाचा तरंड, आणि आमिष म्हणून गांडूळ अथवा कणकेची गोळी एवढ्यावर नदीकाठचे भोई, कोळी व इतर लोक मासे धरीत. या काठीला रीळ नसल्यामुळे दोराची लांबी काठीच्या लांबीइतकीच राही आणि मोठा मासा लागल्यास दोर तुटणे किंवा काठी हातची जाणे अपरिहार्य ठरे.

पुणे परिसर व महसीर : दख्खनी महसीर या माशाची आधुनिक शास्त्राला ओळख पुण्याजवळच झाली. मुंबई सरकारच्या वतीने १८२४ पासून दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी येथील माशांचाही अभ्यास केला. पुण्याच्या पूर्वेस सु. १३ किमी. अंतरावर मुळा-मुठा नदीत मिळालेल्या एका माशास त्यांनी १८३९ मध्ये बार्बस खुद्री हे नाव दिले. त्याचेच आजचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. शिरूरजवळच्या घोड नदीतील दुसऱ्या एका मोठ्या माशाचे वर्णन त्यांनी बार्बस मसुल्ला या नावाने केले. हा मासा महसीरच आहे की नाही, याविषयी दीर्घकाळ वाद होता व अलीकडे त्याचा समावेश हिप्सेलोबार्बस या प्रजातीत करण्यात आला आहे. खुद्री, मसुल्ला, कोलस इ. जातिनामे साइक्स यांनी स्थानिक मराठी नावांवरून घेतली. लोकांच्या बोलण्यातील नाव शास्त्रीय नामकरणात कायम झाल्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

महसीर वेगवान, खडकाळ प्रवाहात राहतो. गळ लागताच तो प्रवाहाबरोबर जोराची मुसंडी मारतो आणि काही क्षणांतच शंभर मीटरपर्यंत दोर ओढून नेऊ शकतो. त्याच्या जबड्यात दात नसतात. परंतु घशातील दात व ओठांची पकड इतकी बळकट असते, की हलक्या पोलादाचे गळ चिरडले किंवा सरळ होतात. यामुळे इंग्लंडमध्ये सामन व ट्राउट या माशांसाठी घडविलेली साधने येथे अपुरी पडू लागली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथात भारतीय माशांसाठी काठी, रीळ, दोर व गळ कसे असावेत याची प्रथमच तपशीलवार चर्चा केली. तलावांतील गळमासेमारीवरील त्यांचा दुसरा ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅकडॉनल्ड यांचा महसीरविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. महसीराच्या विक्रमी नोंदी दक्षिणेतील कावेरी खोऱ्यातील असून १९४६ मध्ये काबिनी नदीत डी वेट व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा मासा विशेष प्रसिद्ध आहे.

काठी : काठी हे एकाच वेळी तरफेचे व स्प्रिंगचे काम करणारे साधन आहे. आमिष दूर फेकताना ती तरफ असते. मासा लागल्यावर त्याचे हिसके वाकून शोषून घेणारी ती स्प्रिंग होते. एकोणिसाव्या शतकात गियानातील ग्रीनहार्ट या जड, चिवट लाकडाच्या काठ्या प्रचारात होत्या. अमेरिकेतील सॅम्युएल फिलिपी यांनी १८४० नंतरच्या दशकात बांबूच्या पट्ट्या तासून व सरसाने चिकटवून काठ्या तयार केल्या; पुढे हायरम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी मोठ्या प्रमाणावर बनविली. या काठ्यांसाठी प्रारंभी कलकत्ता बंदरातून निर्यात होणारा भारतीय बांबू वापरीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूने घेतली. म्हणजे ज्या बांबूची साधी काठी येथील भोई वापरीत होता, तोच बांबू परदेशात जाऊन बहुमोल काठीच्या रूपाने साहेबाच्या हाती परत येत होता. तथापि सरसाचे सांधे पावसाळी दमट हवेत सुटत असल्याने भारतात या काठ्यांना रेशमी दोऱ्याची आवळणी व रोगणाचे लेप वरचेवर द्यावे लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या व १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या. कार्बन काठी हलकी, ताठ व संवेदनशील असली, तरी खडकावर आपटल्यास ती सहज तडकते. काचतंतूंची काठी जड परंतु धसमुसळ्या वापरास टिकाऊ असते.

रीळ : रिळामुळे दोर साठविणे, गरजेप्रमाणे सोडणे व गुंडाळणे शक्य झाले. रीळ लावलेल्या काठीचे चित्रण चीनमधील मा युआन या चित्रकाराच्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका चित्रात आढळते. यूरोपात सतराव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे उल्लेख मिळतात. रिळाचे तीन मुख्य प्रकार आहेत : (१) एकचाकी रीळ : यात मूठ एकदा फिरविली की चकतीचा एक फेरा होतो. लाकडाचे नॉटिंगहॅम रीळ व १८९१ पासून बाजारात आलेले हार्डी कंपनीचे ‘परफेक्ट’ रीळ ही याची उदाहरणे होत. (२) गुणक रीळ : दंतचक्रांमुळे मुठीच्या एका फेऱ्यात चकतीचे अनेक फेरे होतात. अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते ब्लॅक बास या माशासाठी विकसित केले. जेम्स हेनशॉल यांच्या १८८१ मधील ग्रंथामुळे आखूड काठी व गुणक रीळ ही जोडी त्या देशात रूढ झाली. फेकताना चकती दोरापेक्षा वेगाने फिरल्यास दोराचा गुंता होतो, हा या रिळाचा मुख्य दोष असून अंगठ्याने चकती आवरण्याचा सराव त्यासाठी करावा लागतो. (३) स्थिर चकतीचे रीळ : इंग्लंडमधील गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये याचे एकस्व घेतले. गिरणीतील कांडीवरून सूत जसे बाजूने सुटते, तसा यातील दोर न फिरणाऱ्या चकतीवरून सुटतो. त्यामुळे हलके आमिषही दूर फेकता येते. नवशिक्यांना हेच रीळ सोयीचे ठरते. मात्र त्यात दोराला पीळ बसतो.

दोर : घोड्याच्या केसांनंतर रेशीम व ताग यांचे दोर वापरात आले. रेशमी दोराला जवसाच्या तेलाचा लेप देत. ओला दोर रिळावर तसाच राहिल्यास कुजत असे. म्हणून दिवसअखेरीस तो मोकळा करून वाळविणे हा गळकऱ्याचा नित्यक्रम होता. गळाजवळील पारदर्शक तात रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढीत व ती वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावी लागे. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केल्यानंतर या दोहोंची गरज संपली. नायलॉनचा एकतंतू दोर स्वस्त, पाण्यात न दिसणारा व ताणल्यावर थोडा लांबणारा असतो. १९९० नंतरच्या दशकात आलेला उच्च बलाच्या पॉलिएथिलिनाचा विणीव दोर त्याच बलासाठी पुष्कळ बारीक असतो. तो जवळजवळ ताणला जात नाही, परंतु खडकाच्या कडेवर घासल्यास लवकर तुटतो.

साधनांची निवड : काठी, रीळ व दोर यांचे बल परस्परांशी जुळणे हे निवडीचे मूलतत्त्व होय. बलवान काठीला दुर्बल दोर लावल्यास काठी वाकण्यापूर्वीच दोर तुटतो. दुर्बल काठीला जाड दोर लावल्यास काठी मोडते. रिळाचा रोध सामान्यतः दोराच्या भंग-बलाच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश ठेवतात. महसीरासाठी सु. २·५ ते ३ मी. लांबीची मजबूत काठी, भरपूर दोर मावणारे रीळ, ९ ते १४ किग्रॅ. भंग-बलाचा दोर व जाड घडीव गळ योग्य ठरतात. तलावातील रोहू, कटला व मृगळ हे मासे कणकेच्या आमिषास हळुवार तोंड लावतात, म्हणून त्यांच्यासाठी मऊ टोकाची काठी व ४ ते ७ किग्रॅ. बलाचा दोर पुरतो. पाणवनस्पतींत दडणाऱ्या मरळीला तत्काळ बाहेर ओढावे लागते. तिच्यासाठी आखूड, ताठ काठी व विणीव दोर घेतात. ब्लॅक बाससाठी अमेरिकेत रूढ झालेली साधने महाराष्ट्रात या माशाला सर्वांत जवळची ठरतात. कोकणच्या खाड्यांतील जिताडा या माशाच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असल्याने गळाजवळ जाड नायलॉनचा तुकडा जोडणे आवश्यक असते.

नदीची स्थिती व संवर्धन : खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. तेथून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वती व स्वारगेटजवळून पुढे हडपसरकडे जातो. शहराची तहान व शेती या पाण्यावर भागली. परंतु जे पाणी स्वारगेटजवळून कालव्याने वाहते, ते नदीच्या पात्रात राहत नाही. पानशेत, वरसगाव इ. धरणे व शहराचे सांडपाणी यांमुळे पुण्याखालील मुळा-मुठेतील खडकाळ, प्राणवायूयुक्त प्रवाह नष्ट झाले. साइक्स यांना जेथे महसीर मिळाला, तेथे आज त्याला जगणे शक्य नाही. स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने बंदी केली. तथापि पाण्याचा प्रवाहच थांबल्यावर अशी बंदी अपुरी पडते. याउलट इंद्रायणीकाठी देहू व महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे देवस्थानाच्या श्रद्धेमुळे माशांना परंपरेने अभय मिळाले आहे.

लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतरच्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी टॉर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. ही बीजे अनेक राज्यांत पाठविण्यात आली व कावेरीतही सोडण्यात आली. त्याच सुमारास मासा धरून जिवंत परत सोडण्याची प्रथा गळकऱ्यांत रुजू लागली. कावेरीवरील गळकऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींच्या अभ्यासातून असे दिसून आले, की सोडलेल्या खुद्रीची संख्या वाढत असताना तेथील मूळचा कुबडा महसीर मात्र नाहीसा होत होता. हा मासा म्हणजेच टॉर रेमादेवी असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आला. पुण्याच्या नदीतून हद्दपार झालेला मासा दुसऱ्या नदीत उपरा ठरावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडणे हे संवर्धन नव्हे, हा यातील बोध होय.

मासा परत सोडावयाचा असल्यास साधनांची निवडही त्यानुसार करावी लागते. गळाचा उलटा काटा दाबून सपाट करणे, तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ वापरणे आणि मासा थकून मरणार नाही इतका बलवान दोर घेणे, हे त्याचे मुख्य नियम होत. बारीक दोरावर तासभर झुंजविलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही. त्यामुळे ज्या हलक्या साधनांत पूर्वी क्रीडेचे कौशल्य मानले जाई, ती महसीरासाठी आज अयोग्य समजली जातात. साधन किती सुबक आहे यापेक्षा त्यातून सुटलेला मासा पुन्हा पोहू शकतो की नाही, हाच निवडीचा अंतिम निकष होय.