देवीच्या लशीचे कूळ

रोगाला आपण ‘देवी’ म्हटले आणि त्यावरील उपायालाही ‘देवी काढणे’ हेच नाव दिले. गारखेड्यात काय किंवा कोकणात काय, पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या हातावर तिची खूण आजही दिसते. परंतु या लशीचे कूळ विचारणारा विरळाच.

इ. स. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गोदेवीची लस टोचली, तथापि ती हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते. लांबच्या जहाजप्रवासात, उन्हाळी हवेत ती निर्जीव होई. अखेर व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारो यांनी धाडलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली, आणि लागली. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरील फोडातून पाच मुलांस टोचले. पुढे ती अशीच हातोहात हैदराबाद, मद्रास व म्हैसूरपर्यंत गेली.

त्या काळी शीतपेटी नव्हती. लस जिवंत ठेवण्याचे पात्र म्हणजे लेकराचा दंड. फोड पिकला की दुसरे मूल हवे. ते न मिळाले तर लस संपली! या रीतीत एकाचा उपदंशासारखा रोग दुसऱ्यास जडण्याचे भय असे. आपल्या मुलाचा फोड फोडू देण्यास आया कचरत, त्यास केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे वासरारेडकांच्या कातडीवर लस वाढवू लागले, तेव्हा ही पोरे सुटली.

मौज अशी की, ही लस गोदेवीची नव्हेच! १९३९ साली लशीतील विषाणू गोदेवीच्या विषाणूहून निराळा असल्याचे दिसून आले. २०१७ मध्ये १९०२ सालची एक अमेरिकन लस तपासली, तर तिचे नाते घोड्यांच्या देवीशी जवळचे निघाले. जेन्नरलाही घोड्याचा संशय होताच.

१९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि टोचणे थांबले. परंतु १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींना देवी आल्या. त्यांचा विषाणू या लशीच्याच कुळातला. म्हशींच्या आचळांवरून तो धारा काढणाऱ्यांच्या हातांवर उतरतो. रोग गेला, पण लशीचे भाऊबंद अजून आपल्या गोठ्यात नांदत आहेत. टोचणे थांबल्यानंतर जन्मलेल्या पिढीला ते कवच नाही. म्हणून म्हशीच्या आचळावर फोड दिसला, तर गवळ्याच्या हाताकडेही पाहिले पाहिजे.