दंगामस्तीला जागा देणारे मैदान

लहान मुलांचा दंगा ही शहराने निस्तरण्याची अडचण आहे, की शहराने जागा करून द्यावी अशी गरज आहे, या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांतून सार्वजनिक क्रीडांगणाचा इतिहास घडला आहे. बॉस्टनच्या नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या दाट वस्तीत १८८५ साली एका प्रार्थनामंदिराच्या आवारात मुलांसाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला. ही कल्पना डॉ. मारी झाक्शेव्स्का यांनी बर्लिनच्या उद्यानांत पाहून कळवली होती. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली सुअर्ड पार्कचे क्रीडांगण सुरू झाले आणि १९०६ साली अमेरिकेची राष्ट्रीय क्रीडांगण संघटना स्थापन झाली. रस्त्यावर हुंदडणारे पोर पुढे वाया जाईल, ही धास्ती या चळवळीतील अनेक सुधारकांना होती, त्यामुळे कुंपणाच्या आत झोपाळे आणि घसरगुंड्यांबरोबर खेळ आखून देणारा व शिस्त लावणारा प्रशिक्षकही आला.

याच्या उलट दिशेचा विचार डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी १९३१ साली मांडला. आपण आखलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा आणि मातीतच अधिक रमतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तेव्हा असे टाकाऊ सामानच मुलांच्या हवाली करणारे ‘भंगार-क्रीडांगण’ उभारावे, असे त्यांनी सुचवले. ही सूचना प्रत्यक्षात यायला बारा वर्षे लागली. कोपनहेगन जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, ऑगस्ट १९४३ मध्ये, शहराच्या एम्ड्रुप भागातील कामगारांच्या सहकारी गृहवसाहतीत पहिले भंगार-क्रीडांगण उघडले. त्याच्या चहूबाजूंना मातीचा उंच बांध घालून वर कुंपण केले होते, त्यामुळे आतला पसारा रहिवाशांच्या नजरेआड राहिला आणि मुलांनाही मोठ्यांच्या नजरेपासून सुटका मिळाली. आत ठोकलेले झोपाळे नव्हते. होते ते लाकूड, विटा, दोऱ्या, फावडी आणि हातोड्या. त्यांतून मुले झोपड्या उभारीत, भुयारे खणीत, आणि मन भरले की बांधलेले सारे पाडून नव्याने मांडीत. आपल्या हातून घडलेल्या कामांत हे मैदान सर्वांत कुरूप आणि तरीही सर्वांत सुंदर आहे, असे सोरेन्सन यांचे मत होते.

परंतु एम्ड्रुपचे खरे वेगळेपण सामानापेक्षा तेथे नेमलेल्या माणसात होते. पहिले प्रमुख जॉन बर्टेल्सन हे पूर्वी खलाशी होते आणि त्यांनी बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतले होते. मुलांना काही शिकवणे हे आपले काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. हत्यारे आणि सामान पुरवावे, मागितल्यास मदत करावी, आणि एरवी खेळाची सूत्रे मुलांच्याच हाती ठेवावीत, एवढेच त्यांनी आपले काम मानले. पुढे ‘प्ले-लीडर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पदात अमेरिकी प्रशिक्षकाची शिट्टी नव्हती, तशी मुलांना वाऱ्यावर सोडणारी बेफिकिरीही नव्हती.

ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी ॲलन यांनी १९४६ साली एम्ड्रुप पाहिले आणि लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी मोकळ्या पडलेल्या जागा अशाच मैदानांसाठी वापराव्यात, असा आग्रह धरला. त्यातून १९४८ साली कॅम्बरवेलमध्ये पहिला प्रयोग झाला. लोकांना खटकणारा ‘भंगार’ हा शब्द मागे पडून पुढे ‘साहस-क्रीडांगण’ हे नाव रूढ झाले. बर्लिनच्या मॅर्किशेस फीर्टेल या नव्या वसाहतीतही १९६७ साली असे मैदान सुरू झाले.

ही मैदाने मागे पडण्याची कारणेही याच इतिहासात आहेत. सामान फुकट मिळे, पण प्ले-लीडरला वर्षभर पगार द्यावा लागे. त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांच्या खर्चाला कात्री लागली की या मैदानांवर गदा येई, तर सुरक्षेच्या वाढत्या नियमांमुळे मुलांनी ठोकून उभारलेली बांधकामे अडचणीत येत. याउलट टोकियोच्या सेतागाया विभागात लेडी ॲलन यांच्या पुस्तकाच्या जपानी अनुवादातून प्रेरणा घेतलेल्या पालकांनी स्थानिक प्रशासनाच्या सहकार्याने १९७९ साली हानेगी येथे प्ले-पार्क सुरू केला. तेथे विस्तव पेटवण्याची आणि झाडावर चढण्याचीही मुभा राहिली, कारण रहिवाशांनी जोखमीची जबाबदारी वाटून घेतली आणि प्ले-लीडरही कायम ठेवला. या दोन अनुभवांवरून असे दिसते की, दंगामस्तीची मोकळीक जागेपेक्षा आणि साधनांपेक्षा अधिक अवलंबून असते ती, जवळ उभे राहूनही हस्तक्षेप न करणाऱ्या माणसाचा खर्च उचलण्याच्या समाजाच्या तयारीवर.