भाताचा निरोप

आपण जेवतो तेव्हा पोटात काय जातं? पिष्ट, प्रथिनं, मेद, क्षार, जीवनसत्त्वं. शाळेच्या पुस्तकातली ही यादी आपल्याला पाठ आहे. सप्टेंबर २०११ मध्ये चीनच्या नानजिंग विद्यापीठातल्या चेन-यू झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीत एक नवीच गोष्ट घातली. भाताच्या दाण्यातून निरोपही जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. निरोप वनस्पतीचा, आणि तो पोचतो थेट आपल्या यकृतापर्यंत!

हा निरोप म्हणजे मायक्रोआरएनए. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला जसं उमगलं तसं सांगतो. पेशीतल्या जनुकाची आधी एक नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए ही जेमतेम एकवीस-बावीस अक्षरांची चिठ्ठी. ती जुळणाऱ्या नकलेला जाऊन चिकटते आणि ते प्रथिन बनणं थांबवते किंवा कमी करते. कवितेतली जास्तीची ओळ खोडणारा संपादक असतो ना, तसंच काहीसं.

हा संपादक प्रथम सापडला एका जंतात. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा जंत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी १९९३ साली हे काम छापलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. जंताचं काहीतरी वेगळं असेल, म्हणून सोडून दिलं. २००० साली रुव्हकुन यांना दुसरा मायक्रोआरएनए मिळाला. तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला. २००२ मध्ये वनस्पतींतही मायक्रोआरएनए सापडले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये, एकतीस वर्षांनी.

खाण्याशी याचा संबंधही त्या जंतानंच जोडून दिला. १९९८ मध्ये लिसा टिमन्स आणि अँड्र्यू फायर यांनी जंताला विशिष्ट आरएनए असलेले जिवाणू खायला घातले, आणि जंताचं तेच जनुक गप्प झालं. खाल्लेला आरएनए आतड्यातून अंगभर पसरला होता. तो पेशीत शिरतो ते दारही २००२ मध्ये सापडलं. त्या प्रथिनाचं नाव एसआयडी-१. पण जंत तो जंत. माणसाच्या पोटात आम्ल आहे, आरएनएचे तुकडे करणारे पाचकरस आहेत. तिथं चिठ्ठी टिकायची कशी?

झांग यांचं उत्तर असं होतं. वनस्पतीच्या मायक्रोआरएनएच्या शेवटच्या अक्षरावर एक रासायनिक टोपी असते, तिच्यामुळं तो सहजी कुरतडला जात नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्याला आत घेतात, सूक्ष्म पुटिकांत बांधतात आणि रक्तात सोडतात. पुढं यकृतात तो एलडीएलआरएपी-१ हे प्रथिन कमी करतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून न्यायला मदत करणारं हे प्रथिन. भात खाऊ घातलेल्या उंदरांत ते कोलेस्टेरॉल वाढलेलंही दिसलं. भातखाऊ मुलखात ही बातमी कशी ऐकली गेली असेल, याची कल्पना आपल्या कोकणातल्या माणसाला करता येईल.

मग शंका सुरू झाल्या. २०१३ साली मोन्सँटो आणि मिराजेन या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग पुन्हा केला. उंदरांच्या रक्तात वा यकृतात भाताचा मायक्रोआरएनए म्हणण्यासारखा मिळालाच नाही. कोलेस्टेरॉल वाढलं होतं खरं, पण त्याचं कारण त्यांनी साधं सांगितलं: नुसत्या भातावर ठेवलेल्या उंदराचा आहार असमतोल होतो. आता मोन्सँटो ही तेव्हा बियाण्यांची कंपनी होती. आरएनएच्या जोरावर कीड मारणारा मका तिच्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवला होता. मूळ कुरतडणारी अळी तो मका खाते आणि तिच्याच आतड्यात तिचं एक जनुक बंद पडतं. अन्नातला आरएनए माणसावर परिणाम करतो असं सिद्ध होणं कंपनीला परवडणारं नव्हतं. हा हितसंबंध नजरेआड करू नये. पण तेवढ्यावर प्रयोग खोटा ठरवणंही बरोबर नाही, कारण त्याच वर्षी इतर गटांचे निकालही तसेच आले. भरपूर फळं खाल्लेल्या खेळाडूंच्या रक्तात काही सापडलं नाही. आणि चिठ्ठ्या मोजक्या असून भागत नाही. एकेका पेशीत शेकडो प्रती असल्या तरच त्यांचा हुकूम चालतो. २०१७ मध्ये माणसांच्या ऊतींची व द्रवांची आठशेहून अधिक माहितीसंचांतून तपासणी झाली. वनस्पतीचे म्हणून सापडलेले बरेचसे मायक्रोआरएनए प्रयोगशाळेतल्या भेसळीचे असावेत, असा निष्कर्ष निघाला.

झांग मागं हटले नाहीत. २०१७ मध्येच त्यांच्या गटानं मधमाश्यांकडे मोर्चा वळवला. राणी होणाऱ्या अळीला राजान्न मिळतं, कामकरीण होणारीला पुढं परागाचं अन्न. परागात वनस्पतीचे मायक्रोआरएनए जास्त असतात आणि अळीची वाढ रोखून तिला कामकरीण ठेवण्यात त्यांचा हात आहे, असं त्यांनी मांडलं. २०२० मध्ये त्यांनी उंदराच्या जठरातल्या पेशींवर एसआयडीटी-१ हे प्रथिन दाखवलं. जंताच्या त्या दाराचंच हे भावंड! ते आम्लात काम करतं आणि खाल्लेला मायक्रोआरएनए आत घेतं, असा त्यांचा दावा. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं त्यांच्यात शोषण घटलं. म्हणजे आम्लानं चिठ्ठी जाळावी तर तिथंच तिच्यासाठी दार! वाद यानंही मिटलेला नाही.

मला स्वतःला त्याहून पटतं ते आल्याचं काम. लुईव्हिल विद्यापीठातल्या ह्वांग-गे झांग यांच्या गटानं २०१८ मध्ये आल्यातल्या सूक्ष्म पुटिका उंदरांना दिल्या. त्यांतला आरएनए गेला आतड्यात राहणाऱ्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंत. तिथं त्यानं जिवाणूचं एक जनुक दाबलं, जिवाणू एक वेगळं रसायन जास्त बनवू लागले आणि त्या रसायनामुळं आतड्याच्या अस्तराचं राखण करणारा इंटरल्यूकिन-२२ वाढला. आतड्याला सूज आणलेल्या उंदरांना त्याचा गुण आला. निरोप आपल्या पेशीला नव्हताच, तो आपल्या भाडेकरूंना होता; त्यांनी तो आपल्यापर्यंत आणला. आमच्याकडे पोट बिघडलं की अम्मी आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला द्यायची. या प्रयोगातलं आलं मात्र तसं नव्हतं. त्याच्या पुटिका वेगळ्या काढून, साफ करून, मोजून दिल्या होत्या, आणि त्याही उंदरांना.