मालोजीराजे भोसले (अक्कलकोट)

अक्कलकोट संस्थानचे अधिपती. गादीवर आले १८५७ मध्ये, पदच्युती १८६६, मृत्यू १८७०. या घराण्यात मालोजी नावाचे दोन राजे झाले. त्यांपैकी हे दुसरे. पहिले मालोजी (१८२२–२८) हे यांचे आजोबा.

घराणे मूळचे लोखंडे. मोगलांच्या कैदेतून सुटून १७०७ मध्ये साताऱ्याकडे निघालेल्या शाहू महाराजांची वाटेत पारद गावच्या पाटलाशी, सयाजी लोखंडे याच्याशी चकमक झाली. तीत पाटील पडला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल, राणोजी, महाराजांच्या पायांवर घातले. महाराजांनी फत्तेची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, भोसले हे आडनाव दिले आणि पोटच्या मुलासारखे वाढवले. पुढे त्यालाच अक्कलकोटची जहागीर मिळाली. घोडेस्वारांचे पथक बाळगून छत्रपतींच्या चाकरीला हजर करायचे, ही तिची मुख्य अट होती. सोलापूरच्या आग्नेयेला, निजामाच्या मुलखाला लागून असलेल्या या जहागिरीत मराठी आणि कानडी दोन्ही भाषा चालत. माळशिरसकडचे पिलीव आणि खटावमधले कुर्ले हा दूरचा मुलूखही तिच्यातच होता.

मालोजींचे वडील शहाजी १८२८ मध्ये गादीवर आले तेव्हा लहान होते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी पालक म्हणून कारभार हाती घेतला. पण तो लोकांना रुचला नाही आणि बोरगावच्या शंकरराव सरदेशमुखांनी बंड उभारले. इंग्रजांनी सातारकरांना दूर करून आपला अधिकारी, कॅप्टन जेमसन, कारभारावर नेमला. अक्कलकोटच्या गादीवर इंग्रजांचा हात पडला तो तेव्हापासून. १८४९ मध्ये सातारा खालसा झाल्यावर मधला धनीही उरला नाही. अक्कलकोटकर थेट कंपनी सरकारचे मांडलिक झाले. मालोजींना वारशाने मिळाले ते असे, अगोदरच बांधलेले राज्य.

त्यांच्या कारकिर्दीच्या सुमारासच श्रीस्वामी समर्थ अक्कलकोटला आले. मालोजींची त्यांच्यावर निष्ठा होती. भक्तांच्या परंपरेत सांगतात की राजे एकदा हत्तीवरून लवाजम्यानिशी दर्शनाला गेले, तेव्हा स्वामींनी त्यांना अशी चपराक मारली की डोईचा मंदिल उडून पडला. त्यानंतर राजे दर्शनाला पायी जाऊ लागले. या प्रसंगाला कागदोपत्री आधार मागू नये. पण आज अक्कलकोटबाहेर मालोजींचे नाव निघते ते बहुधा याच कथेमुळे.

१८६६ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले आणि संस्थान आपल्या देखरेखीखाली घेतले. इंग्रज सरकारचे गॅझेटियर हा प्रकार एका वाक्यात आटोपते. ते वाक्य काढून टाकणाऱ्यांनीच लिहिलेले आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे. नऊ वर्षांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर पाळी आली तेव्हा निदान उघड चौकशी झाली, विलायतेहून नामांकित वकील आला, देशभर चर्चा झाली. अक्कलकोटसारख्या, पाचशे चौरस मैलांच्याही आतल्या संस्थानासाठी तसे रान उठणे शक्य नव्हते.

पदच्युतीनंतरची एक घडामोड विशेष नोंदण्याजोगी आहे. १८६८ मध्ये घोडेस्वारांचे पथक मोडण्यात आले आणि चाकरीच्या बदल्यात सालीना १४,५९२ रुपयांची रोख आकारणी ठरली. ज्या चाकरीपोटी शाहू महाराजांनी जहागीर दिली होती, तीच संपली. राजा हयात होता. पण त्याच्या हाती कारभार नव्हता.

मालोजी १८७० मध्ये वारले. त्यांचे पुत्र शहाजी ऊर्फ बाबासाहेब (जन्म १८६७) तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते, त्यामुळे सरकारी देखरेख तशीच पुढे चालू राहिली. शहाजी १८९६ मध्ये वारले आणि दत्तकपुत्र फत्तेसिंहराव (जन्म १८९४) यांच्या अज्ञानपणात कारभार पुन्हा सरकारकडे गेला.