सागाचा पर्णभक्षक पतंग

सागाचा पर्णभक्षक पतंग हा खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणाच्या हिब्लियिडी कुळातील लहान पतंग असून त्याचे शास्त्रीय नाव हिब्लिया प्यूरा आहे. १७७७ मध्ये पीटर क्रॅमर यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. भारत, श्रीलंका, म्यानमार, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया इत्यादी प्रदेशांत तो आढळतो. सागाखेरीज तिवरांच्या पानांवरही त्याच्या अळ्या उपजीविका करतात. मुंबई परिसरातील तिवरांवरही त्यांचा प्रादुर्भाव नोंदला गेला आहे.

वर्णन : पसरलेल्या पंखांची रुंदी ३–४ सेंमी. असते. पुढचे पंख करडे-तपकिरी असल्याने बसलेला पतंग वाळलेल्या पानासारखा दिसतो. मागच्या काळपट पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे असतात.

जीवनचक्र : मादी कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस सुटी अंडी घालते. अळी चार वेळा कात टाकते. लहान अळ्या पानाचा पृष्ठभाग कुरतडतात. मोठी अळी पानाची कड कापून ती रेशमी धाग्याने दुमडते आणि तिच्या आडोशाला राहून पान खाते. पूर्ण वाढलेली अळी धाग्याने खाली उतरून पालापाचोळ्यात कोषावस्थेत जाते. अनुकूल हवामानात हे चक्र सुमारे तीन आठवड्यांत पुरे होते.

उद्रेक व परिणाम : पावसाच्या सुरुवातीला सागाला नवी पालवी फुटते, त्याच सुमारास अळ्यांचे उद्रेक होतात. मुख्य शिरांखेरीज सर्व पान फस्त होते. झाड सहसा मरत नाही. मात्र पुन्हा पालवी फुटण्यात अन्नसाठा खर्ची पडून खोडाची वाढ खुंटते. केरळातील निलंबूर येथील तरुण लागवडींत केरळ वन संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के घट आढळली. याउलट सागाची पाने जाळीदार करणारा युटेक्टोना मॅकिरॅलिस हा पतंग जून पानांवर वाढतो. ती पाने लवकरच गळणार असल्याने त्याच्यामुळे होणारी हानी तुलनेने कमी समजली जाते.

नियंत्रण : पक्षी, मुंग्या व परजीवी माश्या या अळ्यांचे नैसर्गिक शत्रू होत. केवळ याच कीटकाला ग्रासणारा एक विषाणू (एनपीव्ही) अळ्यांमध्ये आढळतो. त्याची फवारणी उद्रेकाच्या आरंभी, अळ्या लहान असताना केल्यास पाने वाचू शकतात व रासायनिक कीटकनाशके टाळता येतात. जावा बेटावर या पतंगाचे कोष लोक आवडीने खातात.