आउटबोर्ड इंजिन वर येईना : पॉवर ट्रिम-टिल्टची तपासणी व दुरुस्ती

कतारच्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी इंजिन उचलता आले नाही, तर पंखा वाळूत रुततो. आणि उचललेले इंजिन खाली उतरले नाही, तर बोट परत आणणे अशक्य होते. समुद्रात अडकल्यास ९९९ या क्रमांकावर मदत मागावी. दुरुस्ती धक्क्यावरच करावी.

धावत्या बोटीत इंजिनाचा कोन थोडा बदलणे म्हणजे ट्रिम, आणि ते पूर्ण वर उचलणे म्हणजे टिल्ट. दोन्ही कामे एकच यंत्रणा करते : छोटी विद्युत मोटर तेलाचा पंप फिरवते आणि तेलाच्या दाबाने सिलिंडरचा दांडा सरकतो. मोटरला जाणाऱ्या दोन जाड तारांमधील प्रवाहाची दिशा रिले उलटवतात, म्हणून तीच मोटर इंजिन वरही नेते व खालीही आणते.

बिघाड शोधताना आधी कान द्यावा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, बटण व त्याची तार पाहावी. रिलेची टिकटिक येते पण मोटर फिरत नाही, तेव्हा बॅटरीची टोके स्वच्छ करून मोटरच्या तारांवर (बहुधा निळी व हिरवी) व्होल्टमीटर लावावा. तेथे सुमारे १२ व्होल्ट मिळत असूनही मोटर स्तब्ध असेल, तर दोष मोटरचा. आखाताचे पाणी साधारण समुद्राहून अधिक खारट आहे. ते मोटरच्या कवचात झिरपले की ब्रश व बेअरिंग गंजतात. व्होल्टेज पोहोचतच नसेल, तर रिले संशयित. दोन्ही रिले सुटे व एकसारखे असल्यास त्यांची अदलाबदल करावी. बिघाड 'वर'कडून 'खाली'कडे सरकला, की निदान पक्के.

मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, ही तक्रार वेगळी. पुष्कळदा कोणीतरी हाताने उचलण्याचा स्क्रू सैल करून विसरलेला असतो; महागडा पंप मागवण्यापूर्वी तो घट्ट करून पाहावा. नंतर तेल. इंजिन पूर्ण वर नेऊन, टिल्टचा आधार-खटका लावूनच टाकीचे झाकण उघडावे. इंजिन खाली असताना दाबाखालील तेल अंगावर उडू शकते. तेल कंपनीने सांगितलेलेच भरावे. दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, ते बदलावे. भरल्यावर इंजिन अनेकदा वर-खाली केल्याने आतली हवा निघते.

वर गेलेले इंजिन हळूहळू खाली बसत असेल, तर स्क्रूचे ओ-रिंग, झडप किंवा सिलिंडरचे सील गळत आहे. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नुसते नवे सील टिकत नाही. दांडाच बदलावा लागतो. हे काम कारागिराकडे द्यावे, कारण सिलिंडर उघडण्यास खास पाना लागतो. आधार-खटक्याविना उचललेल्या इंजिनाखाली हात घालू नये : सील सुटताच ते वजन थेट खाली येते.

प्रत्येक फेरीनंतर दांडा व मोटर गोड्या पाण्याने धुवावी, आणि तारांच्या जोडांवर जलरोधक ग्रीस लावावे.